गुड्डीसाठी मातीचे बैल

राजकुमार ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा त्याची गुड्डी आठ महिन्यांची होती. वर्षभरानं त्याच्या वडिलांनी, श्यामरावांनीच, सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं. खुशबू लेकीला घेऊन भिलाईला गेली. आंबागडला उरले श्यामराव, त्यांची बायको रत्नाबाई आणि रविवारी सकाळी दहाचा व्हिडिओ कॉल.

पण नात पडद्यावर दिसली की रत्नाबाईंना रडू फुटायचं. अडीच वर्षांची गुड्डी घाबरून आईमागे लपायची. शेवटी ती फोनजवळ येईचना.

"आत्याबाई, रडू नका ना. पोरगी भिऊन राहिली," खुशबू सासूला म्हणाली.

पुढच्या रविवारी श्यामरावांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला. चेहरे नाही, नुसते हात दिसतील असा. घरामागच्या बोडीतली, त्या लहानशा तळ्यातली, ओली माती घेतली आणि बैल करायला बसले. पाय झाले, वशिंड झालं, एक शिंग झालं. तिथेच ते थांबले.

बराच वेळ पलीकडे काही हाललं नाही. मग अर्धा चेहरा दिसला.

"एकच शिंग!"

"दुसरं कुठं लावू?"

"नाकावर."

श्यामरावांनी नाकावर लावलं. गुड्डी खदखदून हसली. आवाज जाऊ नये म्हणून रत्नाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

तेव्हापासून गुड्डी सांगायची आणि श्यामराव करायचे. चप्पल घातलेला बैल, झोपलेला बैल, दोन शेपट्यांचा बैल.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी तिनं मध्येच विचारलं, "आबाजी, तुम्ही कोनाचे बाबा?"

श्यामरावांचे हात थांबले. पोरीला काय सांगितलंय, त्यांना ठाऊक नव्हतं. पडद्यावर खुशबू खाली पाहत होती. मग ती हळूच सासऱ्यांना म्हणाली, "सांगा मामाजी. कधी तरी सांगाचंच हाये."

"राजकुमारचा. तो तुझा बाबा होता. तुले खांद्यावर घेऊन बांधावर फिरे."

"तो कुठं हाये?"

तेव्हा रत्नाबाईंनी फोन उचलला आणि कित्येक आठवड्यांनी आपला चेहरा समोर धरला. डोळे कोरडे होते.

"तो मेला, बाई. आता येत नाही. मी त्याची माय."

गुड्डी टक लावून पाहत राहिली. "कसा होता?"

रत्नाबाईंनी फोन पुन्हा टेकवला, नवऱ्यापुढचा गोळा ओढला आणि माणूस करायला घेतला. तो उंच होता, म्हणून पाय लांब केले. कान मोठे होते, तेही केले. गुड्डी शेवटपर्यंत बसून होती.

कॉल संपल्यावर श्यामराव तो माणूस अंगणात ठेवायला निघाले.

"उन्हात नको," रत्नाबाई म्हणाल्या. "तडकंल. सावलीत ठेवा."