आत्याचा चाळीसपट आकडा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक फ्रिज समोर आणा. वरच्या कप्प्यात दूध, मधल्यात कालची उरलेली भाजी, खालच्यात आत्याची थुंकी. नळ्यांमध्ये, तारखेवार. त्या घरी पाहुणे आपल्या हाताने फ्रिज एकदाच उघडत.

आत्या शास्त्रज्ञ होती. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. सकाळी आपल्याला अंथरुणातून हलवतं आणि घाबरल्यावर उसळतं ते हेच. थुंकीतून ते मोजायची पद्धत आत्याने तीस वर्षं खपून बसवली होती. रोज उठल्याउठल्या ती कापसाची गुंडाळी चघळून नळीत टाकी. गुंडाळी हातात द्यायचा मान आठ वर्षांच्या भाचीचा, म्हणजे भिंगरीचा.

निवृत्ती तोंडावर आलेली. शेवटचा शोधनिबंध सोमवारी पाठवायचा, आणि शुक्रवारच्या नळीचा आकडा आला नेहमीच्या चाळीसपट!

प्रयोगशाळेतला मदतनीस फोनवर म्हणाला, "बाई, एवढ्या आकड्याला तुमच्यासमोर वाघ उभा हवा."

"समोर भिंगरी होती," आत्या म्हणाली.

फोन ठेवून ती भिंगरीच्या बाबांकडे वळली. "दादा, एक तर मला त्या ग्रंथीत गाठ झालीय, नाहीतर पद्धत चुकलीय. गाठ असली तर बरं."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"गाठ डॉक्टर काढतील रे. पाण्यात गेलेली तीस वर्षं कोण काढणार?"

भिंगरी ऐकत होती. तिच्या कोपरांना खाज सुटे, म्हणून मलम मिळालं होतं. शुक्रवारी ते चोळून तिने तशाच हातांनी गुंडाळी उचलली होती. तिने मलमावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. हायड्रोकॉर्टिसोन. सांगावं तर मान जाणार. न सांगावं तर आत्या गाठ शोधत बसणार.

तिने मलम टेबलावर ठेवलं. "आत्या, हे आणि तुझं ते, एकच का गं?"

आत्याने चष्मा वर केला. "अगदी एकच. हात धुतले होतेस?"

"नाही."

"किती चोळलंस?"

"खाज होती तेवढं."

आत्याने वही पुढे ओढली. "तीस वर्षं मी थुंकी देणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, दात घासले का, चहा घेतला का. गुंडाळी कुणी दिली, हे कधी विचारलंच नाही." तिने वहीत लिहिलं: हात तपासणे. "उद्या परत मोजू."

गुंडाळी कोण देणार, ते ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आत्याच्या आधी उठली. कोपरांपर्यंत साबण लावून, शंभर आकडे मोजून तिने हात धुतले. मग स्वयंपाकघरातला चिमटाही धुतला, त्यात कापसाची गुंडाळी धरली, आणि झोपलेल्या आत्याच्या नाकासमोर ती धरून उभी राहिली.