धाकट्या नाण्याची बैठक

टांकसाळीतलं सगळ्यात लहान नाणं, आमच्या भाषेत धाकटं, ठेवायचं की बंद करायचं यावर साहेबांनी बैठक बोलावली. "सुचेल ते बोला, कुणी कुणाला हसायचं नाही," म्हणाले. धाकट्याच्या यंत्रावर आम्ही आठ जणी. मी सगळ्यात जुनी, माझी नणंद सगळ्यात नवी. नाणं गेलं की आम्हीही घरी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नाणं जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवूनच गेले होते.

फळ्यावर कल्पना चढू लागल्या. हिशेबनीस म्हणाला, नाण्याला भोक पाडा, तेवढाच धातू वाचेल.

"मग शर्टाला बटण म्हणून तरी खपेल," नणंद म्हणाली. साहेबांचा नियम मोडून मी खळखळून हसले.

साहेबांनी विचारलं, "हे नाणं आत्ता कुणाच्या खिशात आहे?" एकही हात वर आला नाही. "बघा, कुणीच वापरत नाही!"

माझं डोकंच फिरलं. "साहेब, आत येताना आमच्याकडून दमडीसुद्धा काढून घेतात. खिसे रिकामेच असणार. चला फाटकावर, आमचे पैशांचे डबे उघडून बघा."

ते खरंच आले. आम्ही सकाळी ठेवलेले पत्र्याचे आठही डबे पहारेकऱ्याने मांडले. पहिला मी माझाच उघडला, मोठ्या तोऱ्यात. नोटा होत्या, मोठी नाणी होती, धाकटं एकही नव्हतं. दुकानदार सुटे द्यायला लागला की "राहू द्या" म्हणणारी मीच. दिवसाला हजारोंनी पाडते आणि घरी एक नेत नाही. बाकीचे सातही डबे तसेच निघाले. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"बंद करा," मी म्हणाले.

"वहिनी! अगं, आमच्या पोटावर पाय देतेस?" नणंद ओरडली.

"गप्प बस जरा. साहेब, धाकटं बंद करा. पण आम्हा आठ जणींना मोठ्या नाण्यांच्या यंत्रांवर घ्या. तिथे माणसं कमी पडतात म्हणून तुम्हीच दर महिन्याला रडता."

"बघू," साहेब म्हणाले.

"बघू नाही. इथेच लिहून द्या, आठही नावं घालून."

आता नणंदेच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने पहारेकऱ्याची वही ओढली आणि कोरं पान साहेबांपुढे धरलं. त्यांनी पेन काढेपर्यंत आम्ही दोघी फाटकातून हललो नाही.