कडी लावून

“तिला काय विचारताय? मी सांगते ना!” सासूबाई सोफ्यावर सरसावून बसल्या. “तिला एकटं राहायला मुळीच आवडत नाही. लिहा.”

प्रश्न विचारायला आलेली बाई पेन धरून तशीच बसली. तिला घरोघर पाठवणाऱ्या प्राध्यापकांनी खासगीपणाचे सहा प्रकार पाडले होते: एकटं असणं, लोकांपासून लांब जाणं, गर्दीत अनोळखी राहणं, मनातलं मनात ठेवणं, घरच्यांशी जवळीक आणि मैत्रिणींशी जवळीक. प्रत्येकाचं माप ‘कधीच नाही’पासून ‘नेहमीच’पर्यंत. प्रबंध त्यांचा, पायपीट हिची. आणि इथे सुनेचं मन मोजायचं, तर दीर टीव्हीसमोर, नणंद दारात आणि लेक पाठीवर लोंबकळलेली. सून कपड्यांच्या घड्या घालत होती.

असं घर बाईला नवं नव्हतं. तिच्या स्वतःच्या दोन खोल्यांत एकांत मिळायचा तो न्हाणीघरात, तोही दारावर थाप पडेपर्यंत.

“नियम आहे,” ती एकदम म्हणाली. “उत्तरं एकटीनंच द्यायची. दार लावून.”

नियम होता खरा, पण आजवर तिने तो कधी कुणाला सांगायचं धाडस केलं नव्हतं.

“आमच्यात लपवण्यासारखं आहेच काय?” सासूबाई कुरकुरल्या, पण त्यांनी नातीला उचलून घेतलं.

आतल्या खोलीची कडी लागली तशी सून पलंगावर टेकली.

“ताई, एक मागू?” ती कुजबुजली. “काही विचारू नका. थोडा वेळ नुसती पडते. लग्न झाल्यापासून ही कडी दिवसा कधी लागलीच नाही हो.”

आणि भिंतीकडे तोंड करून ती आडवी झालीसुद्धा.

बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. कान टवकारले गेले असणार. आता गप्प बसलं तर बिंग फुटणार. बाईने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“सगळ्यांपासून लांब, कुणीच नसेल तिथे राहावंसं वाटतं?”

उत्तर कोण देणार? “कधी कधी,” तीच म्हणाली.

“मनातलं जवळच्या माणसांनाही सांगत नाही?”

“नेहमीच.”

हे तिच्या तोंडून इतकं झटकन निघालं की ती स्वतःच दचकली. नवऱ्याशी ती रोज बोलायची. पण काय? भाजी, गॅस, पोरांच्या परीक्षा. तिला भयंकर वाईट वाटलं. तरी ती वाचत राहिली. पलंगावरचा श्वास आता संथ झाला होता.

प्रश्न संपले तेव्हा तिने सुनेला हलकेच हलवलं. सुनेने केस सारखे केले, क्षणभर बाईचा हात धरला आणि कडी काढून ती स्वयंपाकघरात गेली. बाईने कागदावर काट मारली. ही उत्तरं सुनेची नव्हतीच.

बाई चपला घालत होती तोच सासूबाई जवळ आल्या. “मी दाराशीच होते. आवाज एकच येत होता.”

बाईचा एक पाय चपलेबाहेरच राहिला. “अहो, ते...”

“राहू द्या.” त्यांनी नात नणंदेच्या कडेवर दिली आणि आवाज खाली आणला. “माझाही कागद भरायचा असेल ना?”

“भरू की.”

सासूबाई आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. चष्मा काढून त्यांनी उशीशेजारी ठेवला.

“कडी लावा,” त्या म्हणाल्या. “आणि जरा मोठ्यानं वाचा.”