मेलेल्यांना बोलावणारा थोरला ढोल

मित्रांनो, मला थंड असताना वाजवू नका. मी बुरितीझाल गावचा थोरला ढोल आहे, आणि शेकोटीपाशी माझे कातडे चांगले तापल्याशिवाय मी बोलत नाही. थंड असलो की मी नुसता ओंडका. कुणी थाप मारलीच तर असा मेंगळट आवाज काढतो, की वाजवणाऱ्याची चारचौघांत शोभा होते. मधला आणि धाकटा हे माझे भाऊ लवकर तापतात. मला वेळ लागतो. हा म्हातारपणाचा दोष नाही, मी पहिल्यापासूनच असा आहे.

आमचे गाव ब्राझीलच्या उत्तरेला, मारान्याव प्रांतात, पिरांगी नदीच्या काठी. गावातले सगळे काळे. त्यांचे खापरपणजे कापसाच्या मळ्यांवरच्या गुलामीतून पळाले आणि इथल्या दलदलीत लपले. मालकांची कुत्री चिखलात रुतली, म्हणून आमचे गाव वसले. पलीकडच्या काठावर गामेला आदिवासींचे रान. पण माझ्या तरुणपणी तुम्ही कुणालाही विचारले असते, तर एकच उत्तर आले असते, "गामेला? ते कधीच संपले. सरकारी वहीत लिहिलंय तसं."

मी त्याच रानातला. लेओकादिओ नावाच्या माणसाने मला एका जुन्या पेकीच्या झाडातून काढले. झाड पाडण्याआधी त्याने बुंध्याशी कसाव्याचे भाजके पीठ आणि घोटभर दारू ठेवली, कारण रानाला राखणदार असतात आणि त्यांना विचारावे लागते. कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला, तशी झाडीत कुणीतरी खुळखुळा हलवला. एकदाच. लेओकादिओने मान वळवली नाही. मला तोडले, होडीत घातले, आणि अर्धी नदी ओलांडल्यावर मगच श्वास सोडला. घरी आणून त्याने निखाऱ्यांनी माझे पोट पोखरले. मित्रांनो, ते फार दुखले. पण पोट रिकामे झाले तेव्हापासून मला दूरचे ऐकू येऊ लागले, हेही खरे.

संध्याकाळी पलीकडच्या काठावर माणसे दिसत. अंगाला लाल आणि काळे रंग, हातात खुळखुळे. उभी राहत, आमच्याकडे बघत, आणि धुक्यात विरून जात. गावाची खात्रीच होती की हे मेलेल्या गामेलांचे आत्मे. मेलेल्याला उपाशी ठेवू नये म्हणून बाया नदीच्या मधल्या खडकावर थाळी ठेवून येत, पीठ आणि खारवलेला मासा. सकाळी थाळी रिकामी असे. कधी तिच्यात जुसाराची काळी टपोरी फळे असत.

"बघा, मेलेल्यांनाही रीत कळते," झेफेरिना म्हणायची. "नाहीतर आमची जाऊबाई. जिवंत आहे, पण दुसऱ्याचं भांडं कधी भरून परत केलं नाही."

ही झेफेरिना म्हणजे माझा जीव की प्राण. रोज सकाळी ती बाबासू ताडाचे छोटे नारळ गोळा करायला जायची आणि तेलासाठी कुऱ्हाडीच्या पात्यावर ते फोडायची. संत बेनेदितोच्या सणाला माझ्यासमोर नाचायला आली की मात्र तिच्या अंगात वारे शिरायचे. आमच्या नाचात एक रीत आहे. रिंगणात एकावेळी एकच बाई नाचते. तिचे मन भरले की ती दुसरीपुढे जाते आणि तिच्या पोटाला आपले पोट धडकवते. त्याला पुंगा म्हणतात. म्हणजे, ये बाई, आता तुझी पाळी. पुंगा झाला की नाही म्हणता येत नाही. त्या धडकेच्या क्षणी माझी थाप बरोबर पडली, तर लोक म्हणत, "वा रे थोरल्या!" मी फुलून जायचो. खोटे कशाला सांगू, मला कौतुक फार आवडते.

पुढे लेओकादिओ गेला. गावात एक नवा उपदेशक आला. तो म्हणाला, ढोल म्हणजे सैतानाचे पोट. लोक हळूहळू बिचकू लागले. लेओकादिओचा मुलगा तिबुर्सिओ मला वाजवायचा, पण त्याच्या बायकोने मला खुराड्यात नेऊन आडवे केले. सहा वर्षे, मित्रांनो! माझ्या पोटात कोंबड्यांनी अंडी घातली. मी, ज्याच्या आवाजाने नदी थरारायची, तो पिलांचा पाळणा झालो. मी त्यांच्यावर रागावलो नाही. पिले उबदार होती. पण वाईट वाटले.

त्याच सहा वर्षांत म्हशीवाला आला. दूरच्या शहरातला धनिक. त्याने दलदलीच्या कुरणात म्हशी सोडल्या आणि भोवती विजेची तार ताणली. बाबासूची झाडे आत, पाण्याचा झरा आत, आमच्या बाया बाहेर. त्याच्याकडे कागद होता. कागदावर लिहिले होते की पिरांगीच्या दोन्ही काठांवर कोणीही राहत नाही. झेफेरिना तीन कचेऱ्या फिरली. "साहेब, मी इथं उभी आहे ना तुमच्यासमोर!" असे ती एकाला म्हणाली. त्याने कागदाकडे पाहिले, तिच्याकडे नाही.

मग ती संध्याकाळ आली. झेफेरिनाची धाकटी बहीण दोरोतेया नारळ आणायला गेली होती. गवतात पाणी साचले होते, तार दिसली नाही. तिला घरी आणले तेव्हा तिची मूठ मिटलेली होती आणि ती कुणालाच उघडता आली नाही.

झेफेरिना रडली नाही. ती तडक खुराड्यात आली, कोंबड्या हुसकल्या आणि मला ओढत अंगणात आणले. शेकोटी पेटवली.

तिबुर्सिओ घाबरला. "मावशी, मयताच्या घरी ढोल? कुणासाठी?"

"तीन वर्षं जिवंतांच्या पायऱ्या झिजवल्या. कुणी ऐकलं? आता मेलेल्यांना बोलावते. आपले बोलावते आणि पलीकडचेही बोलावते. त्यांनाही याच तारेनं कोंडलंय. उभा राहा इथं आणि वाजव."

मी तापलो. इतका तापलो की कातडे करपेल असे वाटले. तिबुर्सिओने मला कमरेला बांधले आणि पहिली थाप मारली. सहा वर्षांचा साचलेला आवाज बाहेर पडला. झेफेरिना नदीकडे तोंड करून ओरडली, "तुम्हाला आम्ही जेवायला घातलंय! आता या!"

पलीकडून खुळखुळा वाजला. मग दुसरा. मग इतके, की साऱ्या काठाला कंप सुटल्यासारखे वाटले. धुक्यातून होड्या आल्या. वल्ह्यांचा आवाज नाही, बोलणे नाही. लाल आणि काळ्या रंगाची माणसे आमच्या काठावर उतरली आणि ओळीने उभी राहिली. आमच्यातल्या कुणाची दातखीळ बसली, कुणी संताचे नाव घ्यायला लागले. तिबुर्सिओचे हात माझ्यावरच थिजले. त्याचा घाम माझ्या कातड्यावर टपकत होता.

ओळीतून एक ठेंगणी म्हातारी पुढे आली. तिचे नाव बेर्नार्दा, हे आम्हाला नंतर कळले. तिचाही खुळखुळा लटलटत होता.

"ढोल का वाजवला?" तिने विचारले. "आम्ही तर तुम्हाला दरवर्षी फळं देतो. अजून शांत झाला नाहीत?"

"आम्ही?" झेफेरिना म्हणाली. "शांत तुम्ही व्हायचं! मेलेले तुम्ही."

"आम्ही कशाला मरू? मेलात तुम्ही. मळ्यावरून पळालेले काळे दलदलीत बुडून मेले, एकही उरला नाही. माझ्या आजाला मळेवाल्यानं स्वतः सांगितलं होतं. संध्याकाळी तुमचा ढोल ऐकू आला की आम्ही पोरांना घरात घेतो."

कुणीच हसले नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या पायांकडे बघत होते, ते जमिनीला टेकलेत की नाही ते. कुणावर विश्वास ठेवायचा? मग झेफेरिना पुढे झाली.

"भुताला पोट नसतं," ती म्हणाली, आणि तिने बेर्नार्दाला पुंगा दिला.

धप्प! असा आवाज झाला की तो माझ्या पोटात घुमला. दोन म्हाताऱ्या, दोघीही भरदार पोटाच्या. बेर्नार्दा दोन पावले मागे हेलपाटली. मग तिने लुगडे सावरावे तशी कमरेची झालर सावरली आणि उलटा पुंगा दिला. झेफेरिना मटकन खाली बसली.

"जिवंत आहे गं बाई," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला दोरोतेयासाठी रडू फुटले. बेर्नार्दा तिच्याशेजारी मातीत बसून राहिली. तिचाही नातू याच तारेने गेला होता.

पहाटे दोन्हीकडच्यांनी ठरवले. आमच्या काठावरून तार दिसायची, पण तिच्यात वीज सोडणारा डबा पलीकडच्या झाडीत होता. तो फक्त गामेलांना ठाऊक. तार तोडायची हत्यारे फक्त आमच्याकडे. म्हणजे एकट्याने काहीच जमणार नव्हते. बेर्नार्दाची माणसे डबा बंद करतील आणि खुळखुळा वाजवतील. तो ऐकू आला की आमच्यातल्या कुणीतरी आधी हाताने तार धरून पाहायची.

"मी धरीन," झेफेरिना म्हणाली.

"मावशी, कालपर्यंत आपण त्यांना भुतं समजत होतो," तिबुर्सिओ म्हणाला. "आज त्यांच्या एका खुळखुळ्यावर जीव टाकायचा?"

"पुंगा घेतलाय तिनं. आता नाही म्हणता येत नाही. तिलाही आणि मलाही."

उजाडता उजाडता आम्ही कुरणात उभे राहिलो. गुडघाभर पाणी. दोरोतेया पडली तीच जागा. मी तयारीची थाप दिली. मग सगळे गप्प झाले. म्हशीसुद्धा हलेनात. किती वेळ गेला कोण जाणे. माझे कातडे निवत चालले होते.

खुळखुळा वाजला. एकदाच.

झेफेरिनाने डोळे मिटले नाहीत. तिने हात पुढे केला आणि दोन्ही मुठींनी तार धरली.

काही झाले नाही. ती तशीच उभी राहिली, तार धरून, तोंडाने श्वास घेत. मग गावाने हत्यारे उचलली. तारा तटातट तुटल्या, खांब उपटले, बाया झऱ्यापर्यंत पळत गेल्या आणि कपड्यांसकट आत बसल्या. म्हशीवाल्याचे नवे रखवालदार बंदुका घेऊन आले, पण त्यांनाही मालकाने सांगितले होते की इथे कोणी राहत नाही. धुक्यात एवढी माणसे पाहिल्यावर ते जे पळाले, ते थेट डांबरी रस्त्यावरच थांबले असतील.

ऊन वर आले तेव्हा बेर्नार्दाची होडी आली. तिची माणसे चिखलाने माखलेली, पार दमलेली. बेर्नार्दा धावतच झेफेरिनापाशी आली आणि तिचे हात उलटसुलट करून पाहू लागली.

"तार तोडली कशी? थांबायचं ठरलं होतं ना!"

"थांबलोच होतो. तुम्ही खुळखुळा वाजवलात, मग धरली."

बेर्नार्दाचा चेहरा उतरला. "आम्ही वाजवलाच नाही," ती म्हणाली. "होडी गाळात अडकली होती. डब्यापाशी पोचलो तेव्हा त्याचं झाकण उघडं होतं आणि आतला खटका बंद होता. कुणीतरी आधीच केला होता."

 झेफेरिना नदीकडे वळली. मग तिने हात जोडले.

"बोलावणं जिवंतांना पोचलं, तसं मेलेल्यांनाही पोचलं म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, म्हशीवाल्याने त्यानंतर दोनदा तार लावली आणि दोन्ही गावांनी मिळून ती दोनदा तोडली. कचेरीत आता झेफेरिना आणि बेर्नार्दा जोडीने जातात आणि साहेबाने वर पाहेपर्यंत उठत नाहीत. मी पुन्हा कोरड्या जागी असतो. थोरामोठ्यांसारखे शहाणपण सांगणे मला जमत नाही, पण एवढे ऐका. कुणी तुम्हाला एखादी जागा दाखवून म्हणाले की इथे कोणीच राहत नाही, तर आधी मोठ्याने हाक मारून बघा. आणि उत्तर आले, तर पळू नका.