सीमेवरचा गुडघा

आकाराम हवालदारांचा डावा गुडघा गावात मानाचा होता. दर पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी सगळा गाव उभा राही आणि एकच खुर्ची मांडली जाई, ती आकारामांची. हा पाय सीमेवर बर्फात गेला, असं सरपंच नानासो माइकवर सांगत. आकारामांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. नाही म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं आणि बघता बघता त्याला बारा वर्षं झाली होती.

त्यांची मुलगी सृष्टी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे उसामधल्या रस्त्यानं पळायची. एका सकाळी ती गच्चीवरून उतरताना त्यांनी पाहिलं. डावा पाय आधी खाली, मग उजवा त्याच पायरीवर, मग पुन्हा डावा. घरात ही चाल फक्त त्यांची होती.

"काय झालं गं पायाला?"

"मुरगळलाय, आबा. भरती झाली की दावते कुणाला तरी."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी आकारामांनी आपल्या आईला हेच ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वतःचा गुडघा दाखवायचं निमित्त करून त्यांनी तिला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"काका, हाडांच्या मधली कूर्चा, म्हणजे गादी, संपलीय. हाडावर हाड घासतंय. मार कधी लागला होता?"

"सीमेवर, सर. बर्फात," सृष्टीनं ताठ मानेनं सांगून टाकलं.

आकाराम पंख्याकडं बघत राहिले. पंखा काही मदत करणारा नव्हता.

"न्हाई," ते म्हणाले. "कबड्डीत. पकड करताना पाय फिरला, आतनं काडकन वाजलं. सैन्याची भरती दीड महिन्यावर हुती. गप पट्टी बांधली आन पळालो."

"हाडं बांधून ठेवणारा आतला दोर, लिगामेंट, तुटला असणार," डॉक्टर म्हणाले. " मग गुडघा डळमळतो आणि पावलागणिक गादी झिजते. कळेपर्यंत वीस वर्षं जातात."

"आन तवाच दावला असता तर?" उत्तर आकारामांना ठाऊक होतं.

"बहुतेक इतक्या लवकर ही वेळ आली नसती."

सृष्टी एक्स-रेकडं बघत बसली. बापाच्या जखमेवर तिनं शाळेत निबंध लिहून पहिला नंबर काढला होता. आकारामांना तिच्याकडं बघायची लाज वाटली. मग तिनं ट्रॅकपँट वर सरकवली. गुडघा चांगलाच सुजला होता.

"सर, माझा पण बघा."

ती भरती हुकली. पंधरा ऑगस्टला खुर्ची नेहमीच्या जागी होती. तिच्यात सृष्टी बसली, ऑपरेशन झालेला पाय पुढं करून. आकाराम शेजारी उभे राहिले. गुडघा ठणकत होता.

नानासो माइक झाकून कुजबुजले, "आवं आबा, ती खुर्ची सीमेवरच्या जखमेची हाय."

"व्हय," आकाराम म्हणाले. "म्हणून तर उठलोय."