थांबलेली दोरी

मित्रांनो, मी आहे एक जुनी कप्पी. दाराच्या चौकटीला टांगलेली, अंगावरून दोरी आणि दोरीच्या दोन टोकांना दोन लाकडी मुठी. एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर गोण्या उचलायच्या. नशिबी आले माणसांचे हात. माझी तक्रार नाही. गोणी कधी 'आई गं' म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्ट ताई मला पेशंटच्या घरी नेऊन देतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की त्या बाजूचा खांदा आखडू लागतो. चांगल्या हाताने माझी दोरी खाली ओढली की दुखरा हात हळूहळू वर जातो. किती घरांत मी अशी करकरले! बायका मला आधी शिव्या द्यायच्या आणि परत पाठवताना मायेने पुसून द्यायच्या.

या घरात मी आले ती दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका बाईसाठी. मला टांगताना ताईंनी तिला बजावलं, "पुढच्या महिन्यात तुमचे शेक सुरू होतील, म्हणजे रेडिएशन. तेव्हा मशिनखाली हात डोक्यावर घेऊन अजिबात न हलता पडून राहायचं असतं. हात वर गेला नाही, तर शेक देता येत नाहीत. थोडं ताणल्यासारखं वाटेल. पण रोज करा."

पहिल्याच दिवशी हात खांद्याच्या उंचीला आला आणि ती कण्हली. स्वयंपाकघरातून तिची आई धावत आली.

"अगं, टाके उसवतील! राहू दे ते. मी आहे ना!"

तिने मुठी सोडल्या आणि माझी दोरी थांबली ती तेव्हापासून.

आई खरंच होती. लेकीचे केस ती विंचरायची, कपडे ती घालायची, पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायची. नवऱ्याने वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली मांडले. तिला तळहातावरच्या फोडासारखं जपण्यात दोघांची चढाओढ लागली होती. घर हसतंबोलतं होतं आणि तिचं कोपर बरगडीला चिकटत चाललं होतं. माझ्या एका मुठीवर टॉवेल आला, दुसरीला कोणीतरी छत्री अडकवली.

"दुखतंय का गं?" नवरा विचारायचा.

"छे, मुळीच नाही."

हात हलतच नव्हता, तर दुखणार कसा? हे फक्त मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

शेकांचा दिवस उजाडला. नवरा-बायको सकाळी गेले आणि फारच लवकर परत आले.

"हात वर जातच नाही," ती म्हणाली. "घरी पाठवलं. खांदा मोकळा करून या म्हणाले. आणि फार उशीरही चालणार नाही म्हणाले."

आई मटकन खाली बसली. "माझ्यामुळे झालं गं हे."

"मलाही आयतं बरंच वाटत होतं, आई."

तिने टॉवेल काढला, छत्री काढली आणि दोरी ओढली. मी करकरले. हात जेमतेम छातीपर्यंत आला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. आई अर्धवट उठली. मग पदर तोंडात कोंबून पुन्हा बसली.

"चालू दे," ती म्हणाली. "मी नाही येत आडवी."

मित्रांनो, आजारी माणसावर माया जरूर करा, पण त्याच्या वाटचे कष्ट काढून घेऊ नका. ते त्याचं औषध असतं. मला या घरातल्या कोणाचाही राग येत नाही. मला भीती वाटते. हात अजून कानापर्यंतही पोहोचलेला नाही आणि शेक लांबलेल्या या दिवसांत तिच्या शरीरात उरलासुरला कॅन्सर काय करतोय, ते बाहेरून दिसत नाही.

ती पुन्हा दाराशी आली आहे. मला कामाला लागू द्या. आमच्याकडे वेळ थोडा आहे.