तिसरं बाक

"बाई, इथे आम्ही बसतो," कॉन्स्टन्स ऑल्ड्रिच हसत म्हणाली.

चर्चच्या दाराशी पत्रकं वाटणाऱ्या व्हर्नाचा हात थबकला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं.

तिसऱ्या बाकावरची नवी बाई गडबडून उठली. रोझली केम्प. वृद्धाश्रमाचे कपडे धुणारी, हात सोललेले. दहा मिनिटांपूर्वी ती म्हणाली होती, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आणि कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काही ठाऊक नाही."

"मग पुढे बसा," व्हर्नानेच सांगितलं होतं. "दुसऱ्या बाकावरचे उठले की उठायचं. चुकलात तरी कुणी खात नाही. आम्ही निम्मे जण शेजाऱ्याचं बघूनच उठतो."

पत्रकातही तेच होतं. 'पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी' हे पत्रक एकवीस वर्षांपूर्वी व्हर्नाने स्वतः लिहिलं होतं. पहिलीच ओळ होती: कुठेही बसा, इथे कुणाची जागा राखीव नाही.

नव्हतीच. श्रीमंत घराण्यांना भाड्याने बाकं देण्याची पद्धत बंद होऊन शंभर वर्षं झाली होती. तिसऱ्या बाकावरची 'ऑल्ड्रिच' ही पितळी पट्टी मात्र दर ईस्टरला घासूनपुसून लख्ख व्हायची.

व्हर्ना नऊ वर्षांची होती तेव्हा गिरणीतले जिने पुसणारी तिची आई याच बाकावर बसली होती. कॉन्स्टन्सच्या आईने तिला असंच हसून उठवलं. आई मागे बसलीसुद्धा नाही. मुलीचा हात धरून ती लाल दारातून बाहेर पडली आणि पुन्हा आत आली ती शवपेटीतून.

ऑर्गन सुरू झाला. सगळे उभे राहिले. व्हर्ना दुखरा गुडघा ओढत मधल्या वाटेने थेट पुढे गेली.

"कॉनी, सरक."

"अगं, मी काय वाईट बोलले? मागे बाकं मोकळी आहेत की!"

"मग तू जा मागे."

"ही पट्टी दिसत नाही का तुला?"

"पट्टी तुझ्या पणजोबांची. ते काही आता बसायला येत नाहीत. आणि तुझ्या ढुंगणाला अख्खं बाक लागत नाही!"

ऑर्गनचा सूर चुकला. कुणीतरी खोकल्याआड हसलं. व्हर्ना रोझलीचा हात धरायला वळली, तर मागे कुणीच नव्हतं.

तिने रोझलीला दाराशी गाठलं.

"माझ्याशेजारी बसा. मी आहे ना!"

"आज नको." रोझलीने पत्रक तिच्या हातात ठेवलं. "हे घ्या. दुसऱ्या कुणाला होईल." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

उपासना संपली. सगळे खालच्या सभागृहात उतरले, तिथून कॉफीचा वास येऊ लागला. फादर ऑर्डवे दाराशी आले, तेव्हा व्हर्ना पत्रकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. प्रत्येकाच्या पहिल्या ओळीवर पेन दाबून दाबून फिरत होतं.

"व्हर्ना, कॉन्स्टन्स दुखावलीय. खाली चल, दोन शब्द बोल तिच्याशी."

"बोलले की मघाशी."

"हे काय चाललंय?"

"खोटं खोडतेय, फादर."

"सगळ्यांवरचं?"

"छापलंय तेवढ्यांवरचं."

ते खाली गेले. कागद फाटेल इतक्या जोराने ती खोडत राहिली.

शेवटी रोझलीचं पत्रक हाती आलं. चार घड्या घातलेलं, घामाने मऊ पडलेलं. व्हर्नाने ते उलगडून टेबलावर सपाट केलं. पहिल्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढलेली होती.

व्हर्नाने पेनाला टोपण लावलं.